वाचलेली वाफ कोणाच्या खात्यात? कुपवाडच्या एका कंपनीची साखर कारखान्यातली विक्री

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन कंपनीने जानेवारीत एका सहकारी साखर कारखान्याला कोटेशन दिलं. रक्कम 70 लाख. चीफ इंजिनिअर खूश होते. "हंगाम संपू द्या, ऑफ सीझनला घेऊन टाकू," म्हणाले. मार्चमध्ये हंगाम संपला, एप्रिल गेला, कोटेशन होतं तिथंच. फोन केला की उत्तर ठरलेलं : "फाईल वर गेलीय." कंपनी आणि कारखाना दोन्ही इथे कल्पित आहेत आणि व्यवहारातले आकडे हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. पण फाईल कुठे अडते आणि का अडते, हे वाळवा-पलूस पट्ट्यातल्या कारखान्यांशी व्यवहार केलेल्या कोणालाही ओळखीचं वाटेल.

कंपनी तशी जुनी. ज्यूस हीटर, क्रिस्टलायझर, पॅनचे भाग, पाइपिंग अशी कामं. बहुतेक माल मोठ्या पुरवठादारांच्या ड्रॉइंगवर, किलोच्या दराने. किलोच्या दराने काम करणाऱ्याला एक सवय लागते : तो प्लेटची जाडी, वेल्डिंग आणि वजन विकतो. आपल्या यंत्रामुळे कारखान्यात पुढे काय बदलतं हा प्रश्न त्याला कधी पडतच नाही, कारण त्याचं उत्तर ड्रॉइंग देणाऱ्याने आधीच दिलेलं असतं. मालक वालचंद कॉलेजचा मेकॅनिकल इंजिनिअर. त्याला या दरातून बाहेर पडायचं होतं, म्हणून त्याने स्वतःचं डिझाइन केलं : डायरेक्ट कॉन्टॅक्ट हीटर.

यंत्र समजून घेतल्याशिवाय पुढचं राजकारण कळणार नाही, म्हणून थोडं तांत्रिक. गिरणीतून येणारा कच्चा रस साधारण 32 अंशांचा असतो. गंधक-चुन्याच्या प्रक्रियेआधी तो 70-75 अंशांपर्यंत तापवावा लागतो. या कारखान्यात ते काम नळ्यांच्या हीटरमध्ये, दुसऱ्या बॉडीच्या (रस आटवायच्या बंद भांड्याच्या) वाफेवर होत असे. रस आटवायला एकामागे एक पाच बॉड्या, एकीतून निघालेली वाफ पुढचीला तापवते. शेवटच्या बॉडीतून निघणारी वाफ जेमतेम 55 अंशांची, ती कंडेन्सरमध्ये जाऊन पाण्यासोबत वाहून जाते. मालकाचं म्हणणं, ही वाया जाणारी वाफ थेट रसात सोडा आणि रस 32 वरून 50 वर न्या. मग दुसऱ्या बॉडीची वाफ त्यापुढच्या तापवण्यालाच लागेल. मध्ये नळ्या नसल्याने रस वाफेच्या तापमानाच्या अगदी जवळ पोचतो. नळ्यांच्या हीटरमध्ये इतक्या थंड वाफेवर तो फार तर 42 पर्यंत जातो, शिवाय नळ्या घासायचं काम आहेच.

कोटेशनला जोडलेल्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं : उसावर 3 टक्के वाफेची बचत.

विश्रामबागेत राहणारे एक निवृत्त प्रोसेस मॅनेजर आहेत. मालक त्यांच्याकडे अडलं-नडलं विचारायला जात असे. मे महिन्यात तो तिथे रडगाणं घेऊन गेला, तेव्हा त्यांनी पत्रक बघितलं आणि विचारलं, "ह्यात चीफ केमिस्टांची सही कुठाय?"

"काका, वाफेचा विषय आहे. इंजिनिअर साहेबांचाच ना?"

"वाफ त्यांची. पण ती ओतताय कुणाच्या रसात?"

सगळं प्रकरण या प्रश्नात आहे. सहकारी साखर कारखान्यात बॉयलर, टर्बाइन, गिरणी ही इंजिनिअरिंगची हद्द; रस गिरणीच्या बाहेर पडला की उत्पादन विभागाची, म्हणजे चीफ केमिस्टांची. वाफ वाचली तर बगॅस (बॉयलरमध्ये जळणारा उसाचा चोथा) वाचते आणि ते श्रेय चीफ इंजिनिअरांच्या खात्यात जमा होतं. काही बिघडलं तर मात्र साखर उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी, घसरतो आणि त्याचा जाब चीफ केमिस्टांना विचारला जातो. एकाचा फायदा आणि दुसऱ्याची जोखीम असं हे यंत्र होतं, आणि कंपनीने फक्त फायदेवाल्याला गाठलं होतं.

केमिस्टांची धास्ती उगीचची नव्हती. 5,000 टन रोजच्या गाळपाचा कारखाना, हंगाम आखडता धरून 100 दिवस, म्हणजे 5 लाख टन ऊस. उतारा नुसता 0.1 टक्क्याने खाली आला तर 500 टन साखर गेली. केंद्राने 2019 मध्ये ठरवलेल्या किलोला 31 रुपये या किमान विक्री दरानेही ती 1 कोटी 55 लाखांची होते. एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यावा लागणारा उसाचा किमान दर, उताऱ्याला बांधलेली असते. 2024-25 साठी ती 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये होती, आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.32 रुपये जास्त. त्यामुळे उतारा हा आकडा लॅबपुरता राहत नाही, गावातल्या पारावर त्याची चर्चा होते. उतारा किंचित हलला की सकाळी चेअरमन साहेबांचा फोन केमिस्टांना जातो. वाफेचं प्रमाण किती, असं विचारणारा फोन कोणी कधी केल्याचं ऐकिवात नाही.

लॅबमधली भेट

मालक केमिस्टांना भेटायला गेला तेव्हा त्याने पत्रक बॅगेतच ठेवलं, हे शहाणपण त्याला काकांनी दिलं होतं. केमिस्टांनीच विषय काढला.

"तुमची वाफ रसात मिसळणार, म्हणजे पाणीच मिसळणार. किती?"

"रसाच्या तीन टक्के धरा साहेब."

"म्हणजे चौदा ब्रिक्सचा रस साडेतेरावर. आणि ते पाणी परत उडवणार कोण? माझाच इव्हॅपोरेटर ना?"

ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या पदार्थांची टक्केवारी, आणि इव्हॅपोरेटर म्हणजे त्याच पाच बॉड्या. मग केमिस्टांनी लॅबच्या स्लिपवर हिशेब मांडला. रस उसाइतकाच धरला, तर 18 अंश तापवायला उसावर सुमारे 3 टक्के वाफ लागते. पत्रकाने ही सगळी 3 टक्के बचत धरली होती. पण ती वाफ दुसऱ्या बॉडीतून घेतली जात होती. तिने पाचांपैकी दोन बॉड्यांत आधीच काम केलेलं असतं, म्हणून तिची खरी किंमत तीन पंचमांश, म्हणजे 1.8 टक्के. त्यातून रसात आलेलं 3 टक्के पाणी पुन्हा पाच बॉड्यांत आटवायची वाफ वजा : 0.6. उरले 1.2 टक्के.

"तीन कुठनं आणलंत?" त्यांनी विचारलं.

इथे बहुतेक विक्रेते आपलं पत्रक वाचवायला बघतात. एखाद्या दुसऱ्या कारखान्याचं नाव घेतात, 'प्रत्यक्षात जास्तच मिळतं' म्हणतात. मालकाने ती स्लिप मागून घेतली आणि आठ दिवसांत नवं पत्र पाठवलं. त्यात 1.2 टक्के लिहिलं होतं, हिशेब केमिस्टांच्याच पद्धतीने मांडला होता, आणि 'आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार' एवढा एकच उल्लेख होता. कंपनीतला मार्केटिंगचा पोरगा वैतागला. 3 टक्क्यांनी 1 कोटी 36 लाखांची बगॅस वाचत होती, 1.2 ने 54 लाखांची. (दिवसाला 60 टन वाफ, एका टन बगॅसमधून 2.2 टन वाफ धरली तर 27 टन बगॅस, 100 दिवसांत 2,700 टन, टनाला 2,000 रुपये भाव.) अर्ध्याहून जास्त फायदा आपणच खोडला, असं त्याचं म्हणणं.

माझ्या मते विक्री झाली ती याच पत्राने. आकडा लहान झाला, पण आता तो केमिस्टांचा होता. पुढे कोणीही तो खोडायला गेलं असतं तरी बाजू घ्यायला केमिस्ट स्वतः उभे राहिले असते, आणि राहिलेही.

दुसरा धागा चीफ इंजिनिअरांच्या लॉगबुकात निघाला. जुन्या कारखान्यात टर्बाइनमधून बाहेर पडलेला एक्झॉस्ट रस आटवायला वापरतात. तो कमी पडला तर बॉयलरची ताजी वाफ पीआरडीएस व्हॉल्व्हमधून दाब उतरवून त्यात मिसळतात. पण एक्झॉस्ट आधीच पुरेसा असेल, तर मागणी कमी करून वाचलेली वाफ छतावरून हवेत सोडावी लागते आणि बगॅसचा एक कणही वाचत नाही. मालकाने जुनी पानं चाळली. हंगामभर पीआरडीएस उघडाच होता. प्रक्रियेला उसावर 46 टक्के वाफ लागत होती आणि एक्झॉस्ट 43 च्या आसपास मिळत होता. म्हणजे 1.2 टक्क्यांची बचत थेट बॉयलरवर उतरणार होती. हा आकडा जानेवारीतही त्याच वहीत होता, पण तेव्हा कोणी वही मागितली नव्हती.

पैसे आणि निविदा

चीफ अकाउंटंटांशी बोलणं कोरडं झालं, आणि ते तसंच व्हायला हवं होतं. ऊस (नियंत्रण) आदेश 1966 प्रमाणे उसाचे पैसे 14 दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. थकबाकी ठेवली तर पुढच्या गाळप परवान्याला साखर आयुक्तालयात अडचण. त्यामुळे हंगामात आलेला रुपया आधी ऊस बिलाला जातो, मग तोडणी-वाहतुकीला, मग बँकेच्या साखर तारण कर्जाच्या हप्त्याला. यंत्र पुरवठादार रांगेत बराच मागे. ऑफ सीझनला तर तिजोरीच रिकामी. मालक निम्मी आगाऊ रक्कम मागत होता, कारण स्टेनलेसची प्लेट रोखीनेच मिळते; अकाउंटंट दहा टक्क्यांच्या पुढे जायला तयार नव्हते.

एमएसएमईडी कायदा 2006 लघुउद्योजकाला 45 दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क देतो. मालकाच्या सीएने तो मुद्दा पत्रात घालायला सांगितला होता. मालकाने घातला नाही. ऑर्डर हातात नसताना कायद्याचं कलम दाखवणं म्हणजे सोयरीक ठरण्याआधी पोटगीची चौकशी करणं. उद्यम नोंदणीचा क्रमांक त्याने कोटेशनवर छापला होता, तेवढा पुरेसा होता.

वाट अकाउंटंटांनीच काढली. स्टोअरमध्ये जुन्या विस्तारवाढीतलं चॅनेल आणि बीम पडून होतं. यंत्राचा स्ट्रक्चर कारखान्याच्या लोखंडातून करायचा, कंपनीने फक्त मजुरी घ्यायची. रक्कम 70 वरून 58 लाखांवर आली. कंपनीचा नफा फारसा घटला नाही, पण खेळत्या भांडवलाची ओढ कमी झाली. हप्ते ठरले : बँक गॅरंटीवर 20 टक्के आगाऊ, माल साइटवर आला की 50, चालू झाल्यावर 20, चाचणी पास झाल्यावर उरलेले 10.

मग कार्यकारी संचालकांचा अडथळा. त्यांना यंत्राबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. त्यांचा प्रश्न लेखापरीक्षणाचा होता : असं यंत्र एकच कंपनी देणार असेल, तर तुलनात्मक तक्त्यात दुसरी नावं कोणाची लिहू? 'एकाच पुरवठादारासाठी बेतलेली निविदा' असा शेरा आला की तो वर्षानुवर्षं अहवालात फिरत राहतो. विरोधी गटाला सर्वसाधारण सभेत एवढंच पुरतं.

मालकाने स्वतःहून सुचवलं की निविदेत यंत्राचं नावच घालू नका, काम लिहा : शेवटच्या बॉडीच्या वाफेवर अमुक इतका रस 32 अंशांवरून जास्तीत जास्त किती तापवाल, त्यातून उसावर निव्वळ किती वाफ वाचेल, आणि वर्षाला देखभालीचा खर्च किती. अशी निविदा निघाली तर नळ्यांचा हीटर देणारेही येणार हे उघड होतं, आणि आले. त्यांच्यातला सर्वांत स्वस्त 52 लाखांचा होता. रस 42 अंशांपर्यंत, बचत 1 टक्का. पाणी मिसळत नसल्याने वजावट काही नाही.

हा खरा तुल्यबळ पर्याय होता. सहा लाखांनी स्वस्त, ओळखीचं तंत्र, रस पातळ होण्याची भानगड नाही. कोटेशन जानेवारीत जसं होतं तसंच असतं, तर 3 टक्क्यांचा दावा खरेदी समितीसमोर फुटला असता आणि विषय तिथेच संपला असता. आता समितीपुढे चीफ केमिस्टांची टिपणी होती. 1 टक्क्याला हंगामात 45 लाख, 1.2 ला 54. नळ्यांना घासाई, राखीव हीटर आणि माणसं लागणार. दुसऱ्यात नळ्याच नाहीत. किमतीतला फरक पहिल्या हंगामातच निघतो, असं त्यांनी लिहिलं आणि खाली एक अट टाकली : हीटर बाजूला ठेवून गाळप चालवता आलं पाहिजे.

ही अट पुढे संचालक मंडळात कामाला आली. तिथे तांत्रिक चर्चा अशी झालीच नाही. एका ज्येष्ठ संचालकांनी विचारलं, "हंगामात हे बंद पडलं तर? गाड्या अड्ड्यावर उभ्या, तोडलेला ऊस वाळतोय, आन् सभासद माझ्या दारात. कुणी उत्तर द्यायचं?" मालकाने ड्रॉइंगचा कागद पुढे सरकवला. बायपास लाइन लाल शाईने काढलेली होती. दोन व्हॉल्व्ह फिरवले की रस पूर्वीसारखा जुन्या हीटरमध्ये. "अण्णा, आमचं यंत्र बंद पडलं तर तुमचा कारखाना आज जसा चालतो तसा चालेल. वाफ तेवढी वाचणार नाही." ठराव मंजूर झाला. 2019 आणि 2021 च्या महापुरात कृष्णेने उभा ऊस खाल्लेला या भागाने पाहिला आहे. अशा मंडळाला नफ्याच्या आकड्यापेक्षा 'गाळप थांबणार नाही' हे ऐकायचं असतं. विक्रीवाले मात्र मंडळापुढे गेले की हमखास परतफेडीचा काळ सांगत बसतात.

उभारणी आणि मोजणी

ऑर्डर जून अखेरीस हातात पडली, म्हणजे उशिराच. गणित उलट मांडायचं असतं. दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपन, त्याआधी पाण्यावर चाचणी, त्याआधी पाइपिंग. हीटर शेवटच्या बॉडीच्या व्हॅक्यूमखाली चालतो, त्यामुळे रस आपोआप खाली उतरायला तो जवळजवळ दहा मीटर उंचीवर बसवावा लागतो. ऐन जुलैच्या पावसात ते स्ट्रक्चर उभं करायचं होतं. वेल्डिंग ताडपत्रीखाली चाललं. क्रेन दोनदा परत गेली. सप्टेंबरमध्ये सर्वसाधारण सभेत एका सभासदाने 'उसाला दर द्यायला पैसे नाहीत आणि यंत्रं कशाला' असं विचारलं. उत्तर चेअरमन साहेबांनी दिलं आणि ते केमिस्टांच्या टिपणीतलं जवळजवळ शब्दशः होतं.

हंगाम सुरू झाला तेव्हा रस 50 ला पोचेना, 46 वर अडकला. दोन दिवस दोन्ही विभागांत 'वाफच कमी देताय' आणि 'तुमचं डिझाइनच चुकलंय' अशी झडली. कारण साधं निघालं : वाफेसोबत येणारी, न थिजणारी हवा बाहेर काढणारी लाइन बारीक पडली होती, हवा आत साठत होती. कंपनीने ती स्वखर्चाने बदलली आणि तापमान जागेवर आलं. पहिल्या दिवसापासून मालकाचा फिटर साइटवर मुक्कामाला नसता, तर बायपास उघडून हीटर तसाच हंगामभर पडून राहिला असता. साखर कारखान्यांच्या आवारात अशी हंगामभर पडून राहिलेली यंत्रं बरीच दिसतात.

चाचणीची पद्धत ऑर्डरमध्येच लिहिली होती, हे मला या व्यवहारातलं सर्वांत चांगलं काम वाटतं. बचत मोजायची कशी हे आधी ठरलं नाही, तर शेवटचे दहा टक्के कधीच हाती येत नाहीत. बायपास होताच. एक आठवडा हीटर चालू, एक आठवडा बंद. गाळप आणि गिरणीवर मारायचं पाणी दोन्ही आठवड्यांत सारखं. पीआरडीएस लाइनवरचा फ्लोमीटर हंगामाआधी दुरुस्त केलेला. रोजच्या तक्त्यावर दोन्ही विभागांच्या सह्या. आकडा 1.1 टक्के आला. उताऱ्यात फरक दिसला नाही. दिवसाला 25 टन बगॅस. शेवटचा हप्ता मात्र गाळप संपून साखर विकली गेल्यावरच मिळाला, म्हणजे ठरल्यापेक्षा तीन महिने उशिरा, आणि त्याची तजवीज मालकाने दरात आधीच धरलेली होती.

आता शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्याने चौकशी केली आहे. चौकशी चीफ केमिस्टांमार्फत आली. पुण्यात साखर तंत्रज्ञांच्या मेळाव्यात दोन्ही कारखान्यांच्या केमिस्टांची गाठ पडली होती. त्या कारखान्यात सहवीज प्रकल्प (बगॅस जाळून विकायची वीज तयार करणारा) आहे, कंडेन्सिंग टर्बाइन आहे, पीआरडीएस बंदच असतो. म्हणजे तिथे वाचलेली वाफ टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यात जाऊन वीज होणार आणि महावितरणला विकली जाणार. बगॅसचा हिशेब तिथे कोणालाच नको आहे. युनिटमध्ये मांडावा लागेल, आणि वीज खरेदी करारातला दर बघून. मालकाने यावेळी कोटेशन दिलेलं नाही. त्याने आधी सहवीज विभागाच्या मॅनेजरांची वेळ मागितली आहे आणि मागच्या हंगामाचं लॉगबुक बघायला मिळेल का, असं विचारलं आहे.